चेहरे नसलेले तिघे

काचवाल्याला गॅरेजच्या तिघांनी मारलं, तेव्हा वहिनी वरच्या मजल्यावरच्या खिडकीत उभी होती आणि तिच्या हातात पेन्सिल होती.

भर दुपारची वेळ. गल्लीतली अर्धी दुकानं मिटलेली. काचवाल्यानं आपला टेम्पो गॅरेजच्या दारात लावला होता, कारण समोरच्या इमारतीत त्याला तावदान बसवायचं होतं. गॅरेजवाल्याची गाडी आत अडकली. "काढतो, काच तेवढी उतरवू द्या," एवढंच तो म्हणाला. गॅरेजवाल्यानं पहिली थोबाडीत दिली ती काच त्याच्या हातात असतानाच. काच पडून फुटली आणि त्या तुकड्यांवरच त्याला आडवा केला. मग गॅरेजवाल्याचा धाकटा भाऊ धावत आला. त्याच्यामागून मेव्हणा आला, चाकाचे नट खोलायचा लांब पाना घेऊन. पाना आधी पाठीवर बसला, मग खांद्यावर, आणि मग तो कुठे बसतोय हे मेव्हण्यानं बघायचंच सोडून दिलं. काचवाला हातांनी डोकं झाकायचा, की धाकटा भाऊ बरगडीत लाथ घालायचा. बरगडी झाकली, की पाना डोक्यावर.

वहिनी ओरडली नाही. घसा कोरडा पडला होता, असं ती पुढे म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. पण हात चालू होता. मोबाइल मागच्या टेबलावर होता, वळून घेण्याइतका जवळ. ती वळली नाही. कागदामागून कागद भरत गेली: वाकलेली पाठ, वर गेलेला पाना, काचेत रुतलेला तळवा. अगदी शेवटी काचवाल्याचं तोंड वर झालं. एक डोळा रक्तानं बंद झालेला, दुसरा टक्क उघडा. वहिनीनं तो चेहरा उतरवून घेतला आणि पडद्याआड झाली.

संध्याकाळी तिची नणंद घरी आली तेव्हा खाली गॅरेजवाला नळीनं रस्ता धूत होता. वहिनीनं काहीच सांगितलं नाही. नणंदेनं टेबलावरचे कागद पाहिले आणि म्हणाली, "वहिनी, हे काहीतरी वेगळंच आहे. ह्याचं मोठं कर."

या नणंदेला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसली आहे असं तिला कोणी कधी पाहिलं नव्हतं. भाऊ आजारानं गेला, त्यानंतर या दोघी एकमेकींना धरून राहिल्या. लोकांना वाटे बहिणी आहेत. भांडायला लागल्या की मग कळे, नणंद-भावजय आहेत.

वहिनी पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायची. यंत्रावर छापलेले फलक आले आणि ते काम बसलं. मग ती स्वतःसाठी चित्रं काढू लागली, तेलरंगात. भिंगरी तेव्हा बुटांच्या दुकानात होती. "गिऱ्हाईक बूट बघत नाही वहिनी, आरशात स्वतःला बघतं," असं तिचं धंद्याचं शास्त्र. हे शास्त्र घेऊन ती दुकानातून बाहेर पडली आणि तिनं वहिनीच्या चित्रांचं पेज उघडलं. फोटो तीच काढायची, सकाळच्या उजेडात, खिडकीला पांढरी चादर लावून, रंगावर चमक येऊ नये म्हणून. मजकूर तीच लिहायची. वहिनी रंग कालवत असली की मोबाइल घेऊन तिच्या मनगटाशी बसायची. "तोंड नको दाखवूस, हात दाखव. लोकांना हात बघायला आवडतो." चित्र विकलं गेलं, की चारी कोपऱ्यांना पुठ्ठा, वर बबल रॅप, वर खोकं, आणि कुरिअरवाल्याला रोजची तंबी: "यावर बसायचं नाही."

पण विकलं जायचं ते फार कमी. खुर्च्या, बाटल्या, वाळत घातलेले कपडे. लोक हृदयं पाठवत आणि निघून जात. एकीनं विचारलं होतं, आमच्या सोफ्याला जुळेल असा निळा कराल का. एकानं चित्राचा फोटो उचलून चहाच्या कपांवर छापला होता. भिंगरीनं त्याच्या पेजवर जाऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, तर त्याचेच कप जास्त खपले.

तर ते मारहाणीचं चित्र वहिनीनं मोठ्या कॅनव्हासवर घेतलं. दोन आठवडे तिचं जेवणात लक्ष नव्हतं. काम संपत आलं तेव्हा भिंगरी बराच वेळ त्यासमोर उभी राहिली.

"खालचा गॅरेजवाला ना हा? खरंच झालं होतं?"

"झालं होतं."

"मग या तिघांची तोंडं?"

"सावलीत घातली."

"मार खाणाऱ्याचं तर स्वच्छ आहे."

"तो कुठे इथे राहतो," वहिनी म्हणाली. "आपण राहतो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

भिंगरीला ते पटलं. तिनं गल्लीची पाटी आणि गॅरेजचा फलक फोटोत ओळखू येत नाही ना हे नीट पाहिलं, आणि चित्र पेजवर टाकलं. नाव दिलं 'दुपार'.

दोघींनी असं काही कधी पाहिलं नव्हतं. चित्र एका हातातून दुसऱ्या हातात जावं तसं पसरत गेलं. मोठमोठ्या पेजेसनी ते उचललं. लोक त्या चेहऱ्याखाली लिहीत होते: काय ती वेदना. अंगावर काटा आला. हेच दिवाणखान्यात लावायचंय, जरा आडवं मिळेल का. भिंगरीनं मूळ चित्रासाठी बोली मागवली आणि छापील प्रतींची मागणी घ्यायला सुरुवात केली. एक नावाजलेला संग्राहक रोज बोली वाढवत होता. भिंगरी घरात गाणी म्हणत फिरत होती. वहिनी हसायची, पण रंगाच्या खोलीत त्या चित्राकडे पाठ करून बसायची.

अशात एक निरोप आला. मूळ चित्र समोरून बघायचंय, पत्ता द्याल का.

"असे बघायला येतात तेच घेतात," भिंगरी म्हणाली आणि तिनं पत्ता दिला.

तो सकाळी आला. इस्त्रीचा शर्ट, वाढवलेली दाढी, डाव्या डोळ्यावर पांढरट साय. भिंगरीनं त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, तो बसला नाही. वहिनीनं चहाचा कप त्याच्यापुढे धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि कप तसाच मागे घेऊन टेबलावर ठेवला.

भिंगरीचं चालूच होतं. "तेलरंग आहेत, पूर्ण हाताचं काम. सोबत सहीचं प्रमाणपत्र देतो आपण. भिंतीला कुठला रंग आहे तुमच्या?"

तो चित्राशी गेला. इतका जवळ की उजवा डोळा कॅनव्हासला टेकेल.

"चेहरा हुबेहूब आलाय," तो म्हणाला.

"वहिनींचा हात आहेच तसा."

"माझी मुलगी शाळेतून घरी आली. तिच्या मैत्रिणींच्या मोबाइलवर होतं. मला दाखवून म्हणाली, बाबा, हे तुम्ही आहात का? मी तिला सांगितलं होतं, शिडीवरून पडलो म्हणून."

आता भिंगरीनं त्याच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"मी तुम्हाला पाहिलं होतं," काचवाला वहिनीला म्हणाला. आवाज अजून साधाच होता. "खिडकीत. मान खाली होती तुमची, हात हलत होता. मला वाटलं, फोन लावताय. मार खाताना माझ्या डोक्यात एवढंच होतं, की वरच्या बाईनं फोन लावलाय, आता येतील कोणीतरी."

"माझं चुकलं," वहिनी म्हणाली.

"त्या तिघांचे चेहरे कुठे गेले?"

वहिनीची नजर चित्रातल्या सावलीकडे गेली.

"चौकीत मला विचारतात, साक्षीदार कोण. गल्लीत कोणी काही पाहिलं नाही. अख्खी गल्ली आंधळी, आणि डोळा गेला माझा. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, काच हातातून सुटते. कामावरून काढलं मला. आणि तू..." इथे त्याचं 'तुम्ही' संपलं. "तू माझं रक्त विकतेस. त्यांना झाकतेस आणि मला विकतेस."

टेबलावर पुठ्ठा कापायची सुरी होती. ती त्यानं कधी उचलली ते दोघींना दिसलं नाही. चित्रावरच्या स्वतःच्या तोंडात त्यानं ती खुपसली आणि खाली ओढली. कॅनव्हास फाटल्याचा आवाज झाला तशी वहिनी पुढे झाली, चित्र वाचवायला की त्याला थांबवायला हे तिलाही सांगता आलं नसतं. त्यानं तिची मान धरली आणि तिचं तोंड त्या फाटलेल्या कापडावर दाबलं.

"बघ जवळून. लांबून पुष्कळ पाहिलंस."

चित्र ठेवलेला ईझल कलंडला. तिला घेऊनच काचवाला खाली आला आणि गुडघा तिच्या पाठीवर ठेवून बुक्क्या घालू लागला. मानेवर, कानावर, पाठीवर. सुरी त्यानं टाकून दिली होती. त्याला कापायचं नव्हतं, मारायचं होतं. प्रत्येक बुक्कीबरोबर तो काही म्हणत होता, पण शब्द लागत नव्हते. वहिनीचं नाक फुटलं. तिनं हात वर केला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तिनं खाल्ला, आणि तोंड तिचं तिनंच दाबलं होतं.

भिंगरी पहिल्यांदा किंचाळली, मग धावली ती थेट हातोडीकडे. कॅनव्हास चौकटीवर ठोकायची हातोडी, फार मोठी नव्हे. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. तो वळला, तर दुसरा कानामागे. तो कुशीवर कोसळला. खरं तर तिथेच संपलं होतं. पण भिंगरीच्या हाताला ते कळलं नाही. तिनं त्याच्या कोपरावर घाव घातला, मग गुडघ्यावर, तो अंग चोरून भिंतीकडे सरकला तशी त्याच्या मागे गेली. त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

वहिनीनं ते पाहिलं. तसेच हात, तशीच वळलेली पाठ. भिंगरीची हातोडी वर गेली होती आणि या वेळी ती डोक्यावरच येत होती. वहिनीनं स्वतःला पुढे लोटलं आणि उजवा हात मध्ये घातला.

मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तिघांनाही ऐकू आला.

भिंगरीनं हातोडी टाकली आणि ती जमिनीवर बसली. "हात," ती म्हणत राहिली. "वहिनी, तुझा हात."

दवाखान्यात तिघं एकाच बाकावर बसली होती, कारण दुसरा बाक नव्हता. काचवाल्याच्या कानामागे टाके पडायचे होते, वहिनीच्या नाकात बोळे होते आणि मनगट भोपळ्याएवढं सुजलं होतं. भिंगरीला खरचटलंही नव्हतं. कसं झालं, असं डॉक्टरीणबाईंनी वेगवेगळं विचारलं. तिघांनीही सांगितलं, जिन्यावरून पडलो.

"तुमच्या जिन्याला एकदा भेटायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या आत गेल्यावर वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत बोलली. "मी चौकीत येते. मेव्हण्याकडे पाना होता. धाकटा लाथा घालत होता. पहिला हात गॅरेजवाल्याचा. सगळं सांगते."

"आता का?" काचवाल्यानं विचारलं.

"तेव्हा केलं नाही म्हणून."

"वहिनी, डोकं फिरलंय का तुझं?" भिंगरी म्हणाली. "त्यांच्या डोक्यावर राहतो आपण."

"मला माहीत आहे कुठे राहतो ते."

चौकीतल्या साहेबांनी साक्ष लिहून घेतली, पण उत्साहानं नव्हे. इतके दिवस कुठे होता, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, चित्र काढत होते. ते हसले. मग हसण्यासारखं नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा कागदाकडे बघू लागले.

घरी वेगळंच वाढून ठेवलं होतं. बोली लावणाऱ्या संग्राहकाला भिंगरीनं कळवलं की चित्र फाटलं, व्यवहार रद्द. त्यानं विचारलं, कसं फाटलं. भिंगरी मूळची विकणारी, तिच्या तोंडून निघून गेलं, की चित्रातल्याच माणसानं येऊन फाडलं. त्याचं उत्तर लगेच आलं. मग तर ते हवंच, तसंच फाटलेलं. रक्ताचे डाग असतील तर पुसू नका. बोली त्यानं दुप्पट केली.

भिंगरीनं हे वहिनीला सांगितलं तेव्हा तिची नजर जमिनीवर होती. "तुझा हात कधी बरा होईल कोण जाणे. दुसरीकडे खोली घ्यायची तर पैसे लागतील. मी फक्त सांगतेय."

"विकू या म्हणतेस?"

"मी सांगतेय फक्त."

"त्यानं माझं नाक का फोडलं तुला कळलं नाही वाटतं."

"मला एवढं कळलं, की मी एका माणसाला मारून टाकत होते," भिंगरी म्हणाली. "त्या दिवसापासून झोप नाही मला. इथून निघायचंय, बाकी काही नको. कशानं का होईना."

वहिनीनं तिला जवळ घेतलं. मग दोघींनी मिळून ते फाटकं चित्र चौकटीवरून सोडवलं, गुंडाळलं आणि काचवाल्याच्या घरी पोचवलं. त्यानं दारातच घेतलं. आत या म्हणाला नाही. वहिनीनं त्याला विचारलं, पुन्हा काढलं तर चालेल का, तिघांच्या तोंडांसकट. तो म्हणाला, "त्यांची काढा. माझं नको. माझी पाठ दाखवा."

उजवा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून वहिनीनं डाव्या हातानं काढलं. रेष वेडीवाकडी आली, रंग जाड बसले. पूर्वीचं कसब त्यात काही उरलं नव्हतं. पण पाट्या रंगवण्यात तिची वर्षं गेली होती, लांबून ओळखू यावं हे तिला शिकवायला लागत नव्हतं. गॅरेजवाल्याचा खालचा लोंबता ओठ आला. धाकट्याची तुटकी भुवई आली. मेव्हणा तर असा आला, की भिंगरी म्हणाली, "हा आता पाना मागायला उठेल." या वेळी भिंगरीनं फोटो काढताना गॅरेजचा फलक झाकला नाही. खाली लिहिलं: विक्रीसाठी नाही. साक्ष दिली आहे.

ते शेजाऱ्यापाजाऱ्यांत पोचायला दुपारही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचे तिघे वर आले. भिंगरी खुर्च्या-बाटल्यांच्या चित्रांची जुन्या मागणीची खोकी बांधत होती. दाराला कडी होती, पण लाकूड जुनं. तिसऱ्या धक्क्याला कडी चौकटीसकट आत आली. मेव्हण्यानं काही विचारलं नाही, सरळ भिंगरीच्या तोंडावर मूठ मारली. ती खोक्यांवर पडली, उठली, तोंडातून रक्त आणि दात थुंकून तिनं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. त्यानं तिला झटकून भिंतीवर आपटलं आणि पोटात लाथ घातली. पुन्हा घातली. धाकट्यानं रंगाच्या खोलीत शिरून कॅनव्हास पायांनी फोडायला सुरुवात केली. खुर्च्या, बाटल्या, वाळत घातलेले कपडे, जे हाती लागेल ते.

गॅरेजवाल्यानं वहिनीचे केस धरून तिला त्या नव्या चित्रापुढे नेलं. "हा मी काय? चांगला काढलास." त्यानं तिचा प्लास्टरचा हात टेबलाच्या कडेवर आपटला. प्लास्टर तडकलं. वहिनीच्या डोळ्यांपुढे काळोख आला, पण शुद्ध गेली नाही. "चौकीत जाऊन सांगायचं, की चुकून बोलले. नाहीतर दुसरा मोडतो."

तेवढ्यात धाकट्याला टर्पेंटाइनचा डबा सापडला. फोडलेल्या चित्रांवर त्यानं तो उपडा केला. वास घरभर पसरला. "दादा, काडी दे," तो म्हणाला.

गॅरेजवाल्याचा हात खिशाकडे गेला. केसांवरची पकड सैल झाली. वहिनीनं मान हिसडली, केसांची बट त्याच्या मुठीत ठेवून ती खिडकीकडे धावली आणि तिनं अर्धं अंग बाहेर काढलं.

त्या दुपारी जो आवाज निघाला नव्हता तो आता निघाला. तिनं तिघांची नावं घेतली, मोठ्यानं, बापाच्या नावासकट. "वर आलेत. माझ्या नणंदेला मारतायत. घर पेटवतायत. वर बघता काय, वर या."

खाली माणसं होती. काहींनी मोबाइल वर केले. इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच धरून उभा राहिला. पण कोपऱ्यावरची पाववाली, जाडजूड, गुडघे दुखणारी बाई, शटर ओढायचा लोखंडी आकडा घेऊन जिना चढायला लागली. ती चढतेय म्हटल्यावर इस्त्रीवाल्याला लाज वाटली असावी. तो तिच्या मागे गेला. मग आणखी काही जण.

गॅरेजवाल्यानं काडी ओढली होती. मेव्हण्यानंच त्याचा हात धरला. "मी आत आहे ना अजून, वेडा आहेस का?" काडी विझली. तिघं जिन्याकडे वळले आणि वळणावर पाववाली समोर आली. मेव्हण्यानं तिला ढकलायला हात उगारला. तिनं आकडा त्याच्या नडगीवर घातला. तो तोल जाऊन पायऱ्यांवरून खाली आदळला, पाय खाली दुमडला आणि गुरासारखा ओरडायला लागला. गॅरेजवाल्याला इस्त्रीवाल्यानं आणि इतरांनी जिन्यातच धरला. धरला म्हणजे नुसता धरला नाही. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. वाट मिळेल तिथून लोक त्याच्यावर हात टाकत होते. ज्यांनी आजवर त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तेही. त्याचा लोंबता ओठ फाटला, शर्ट फाटला.

वहिनी भिंतीला धरून जिन्यावर आली. "पुरे," ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही. ती त्या घोळक्यात घुसली, एक-दोन फटके तिलाही बसले. "पुरे म्हणते ना. मरेल तो. मला तो कोर्टात हवाय."

या वेळी कोणीतरी फोन लावला होता. पोलीस आले तेव्हा गॅरेजवाला पायरीवर बसून रक्त पुसत होता आणि धाकटा भाऊ मागच्या पाइपवरून उतरताना सापडला.

भिंगरीचे पुढचे दोन दात गेले, एक बरगडी मोडली. दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. या वेळी जिन्याचं नाव कोणी घेतलं नाही.

खटला उभा राहायला फार वेळ गेला. तोवर दोघी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या होत्या, एका लहानशा खोलीत. वहिनीचं मनगट जुळलं, पण पूर्ण वळेना. बारीक रेष तिच्या हातून गेली ती गेलीच. पेजवरचे बरेच लोक हळूहळू पांगले. पूर्वीसारखं काढत नाहीत आता, असं एकानं लिहिलं. भिंगरीनं त्याला उत्तर दिलं नाही, हे तिच्या मानानं मोठंच.

कोर्टात बचावाच्या वकिलांनी वहिनीला विचारलं, "मारामारीची चित्रं विकून तुमचं घर चालतं, हे खरं?"

"एक विकायला काढलं होतं," वहिनी म्हणाली.

"म्हणजे यात तुमचा फायदा होता."

"होता. म्हणून तर यांची तोंडं लपवली होती. फायद्यासाठीच सांगायचं असतं तर आजही लपवली असती."

काचवाला मागे बसला होता. त्याची मुलगी त्याच्या शेजारी होती, शाळेच्या कपड्यात. बापाला कसं मारलं ते वहिनीच्या तोंडून ऐकताना तिनं एकदाही मान खाली घातली नाही.

गॅरेजवाला आणि मेव्हणा आत गेले. धाकटा वयानं लहान म्हणून कमी शिक्षेवर सुटला आणि गॅरेज आता तोच चालवतो. ओळखीच्या कोणाला त्या गल्लीतून जावं लागलं, की तो अजून टक लावून बघतो म्हणतात.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात वहिनी काचवाल्याजवळ गेली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं, पण समोर गेल्यावर ते आठवलं नाही.

"साक्ष दिलीत, बरं केलंत," तोच म्हणाला. "कामाचं बघतोय. आरशांच्या दुकानात उभं राहायचं आहे, काच उचलायची नाही." मग थोडं थांबून, "पण त्या दुपारचं माझ्या डोक्यातून जात नाही. जाईल असं वाटत नाही."

"नाही जाणार," वहिनी म्हणाली.

त्यानं मान हलवली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं फाटकातून बाहेर पडली. रस्ता ओलांडताना मुलीनं त्याला दंडाला धरून थांबवलं, डावीकडून गाडी येत होती.

भिंगरी बाजूला उभी राहून नव्या दातांवर जीभ फिरवत होती. ते तिला अजून सवयीचे झाले नव्हते, बोलताना शीळ वाजायची.

"वहिनी," ती म्हणाली, "पेजवरच्या एका बाईला पार्सल पाठवायचंय आज. तुझं नवं, पायऱ्यांचं चित्र घेतलंय तिनं. कुरिअर बंद व्हायच्या आत गेलं पाहिजे."

"कोणतं, डाव्या हाताचं?"

"हो. तिनं विचारलंय, रेष अशी का हलते."

"मग काय सांगितलंस?"

"अजून काही नाही. म्हटलं, तुला विचारून सांगते."

वहिनी चालायला लागली. "खरं ते सांग," ती म्हणाली. भिंगरीनं पिशवी खांद्यावर घेतली आणि मोबाइलवर लिहीत लिहीत तिच्या मागे निघाली.